लक्ष्मीबाईंची वाट

बँकेतल्या उमेदीच्या काळात माझी बदली अहमदनगरला झाली होती. (२०२४ पासून ते अहिल्यानगर झालं.) दर महिन्याला पेन्शन न्यायला एक निवृत्त नर्स येत. पांढरं पातळ, काखेत छत्री. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नोटा मोजून झाल्या की त्यातल्या काही त्या वेगळ्या पाकिटात घालत. एकदा न राहवून विचारलंच.

"या माझ्या नाहीत, साहेब. मालकाच्या आहेत. मी नुसती कॅशियर!"

मिळकतीचा दहावा भाग देवाचा, ही त्यांची श्रद्धा. त्यातून दोन मुलांच्या शाळेची फी जायची. निघताना म्हणाल्या, "एवढं वाचता म्हणे, आमच्या लक्ष्मीबाई वाचल्यात का?"

'स्मृतिचित्रे'तला एखादा धडा वाचला होता, एवढंच. त्या आठवड्यात पुस्तक आणलं.

नारायण वामन टिळकांची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. एका जागी न रमणारा हा कवी. १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना दिशा गवसली. पण त्याच दिवशी त्यांच्या बायकोच्या पायाखालची वाट गेली. लहानग्या मुलाला घेऊन लक्ष्मीबाई काही वर्षं नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या.

पुढे त्या परतल्या, त्याही आपलं सोवळं घेऊन. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एक दिवस त्यांना प्रश्न पडला, जाती देवानं केल्या की माणसानं? उत्तर मनाशी पटलं, तेव्हा त्यांनी शिवाशीव सोडली. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यासाठी नव्हे, स्वतःला पटलं म्हणून.

आणि मग? चूल तीच, ओढाताणही तीच. पण त्या घराचं दार रुंद झालं. दुष्काळानं पोरकी झालेली पोरं तिथे जेवली, बालकवींसारखा कवी तिथे राहिला. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेल्या या बाईनं ते पुढे नेऊन पूर्ण केलं. श्रद्धेनं त्यांना हेच दिलं असावं : रोज सकाळी उठून करायचं काम, आणि ते कोणासाठी करायचं याची खात्री.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण माझी निवृत्ती. पहिले काही महिने मजेत गेले. मग फोन थांबला. सही करायला कागद उरला नाही. नावावर कादंबऱ्या होत्या, पण नवी सुचेना. सकाळी दाढी करताना हात थांबायचा. कोणासाठी करायची? बायको काही बोलत नसे. एकदा तिनंच 'स्मृतिचित्रे'ची ती जुनी प्रत माझ्या उशाशी आणून ठेवली.

मी ख्रिस्ती नाही, देवळातही क्वचितच जातो. लक्ष्मीबाईंसारखी खात्री मला नाही, आणि नसलेली खात्री मिरवू नये. पण हल्ली पेन्शन जमा झाली की आधी एक पाकीट बाजूला काढतो. शेजारच्या वस्तीतल्या दोन मुली संध्याकाळी गणितं घेऊन येतात. ते पाकीट त्यांच्या फीचं.

मालक कोण, ते अजून सांगता येत नाही. पण कॅशियर कामावर रुजू झाला आहे.