शुद्ध मराठीतला भामटा

बँकेच्या नावाने आलेल्या मेसेजमध्ये व्याकरणाच्या चुका दिसल्या, की तो खोटा समजायचा, हे आपण घरातल्या मोठ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो. फोनवरचा 'बँक अधिकारी' अडखळत मराठी बोलू लागला म्हणून कित्येकांनी फोन ठेवला आणि पैसे वाचले. सल्ला तेव्हा बरोबर होता. आज एआयची साधनं ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, खालच्या 'आपला विश्वासू'पर्यंत, मराठी पत्र काही सेकंदांत लिहून देतात. चुका दिसल्या तर सावध व्हाच. पण चुका नाहीत म्हणून मेसेज खरा ठरत नाही.

"माझ्या लेकराचा आवाज मला कळणार नाही का?" असं आई म्हणते, तेव्हा तिला दोष देववत नाही. पण मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्येच दाखवून दिलं होतं, की इंग्रजी बोलणाऱ्याच्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून त्याच्या आवाजाची नक्कल करता येते. इन्स्टाग्रामवरच्या एका रीलमध्ये याहून जास्त आवाज मिळतो. त्यात पलीकडून रडण्याचा सूर आणि 'अपघात झालाय' हे शब्द आले, की नकलेतल्या उणिवा कोण तपासत बसणार?

मग व्हिडिओ कॉल करून चेहरा पाहू, असं अनेकांना वाटतं. हा गैरसमज फार महाग पडला तो हाँगकाँगमध्ये. अरूप ही ब्रिटनची नावाजलेली अभियांत्रिकी कंपनी. सिडनीच्या ऑपेरा हाऊसच्या उभारणीत तिचा हात होता. २०२४ च्या सुरुवातीला तिच्या हाँगकाँग कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याला लंडनच्या वित्तप्रमुखांच्या नावाने गुप्त व्यवहाराचा ईमेल आला. त्याला संशय आला. पुढे व्हिडिओ बैठक झाली, तीत वित्तप्रमुख दिसले, ओळखीचे सहकारी दिसले, आणि संशय विरला. पंधरा हप्त्यांत सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर, म्हणजे दोनशे कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. त्या बैठकीत हा कर्मचारी सोडून बाकी सगळे बनावट होते. मुख्य कार्यालयाशी त्याने नंतर संपर्क साधला, तेव्हा सगळं उघड झालं. तोच संपर्क आधी साधला असता तर? मला या प्रकरणात सर्वांत जास्त हेच लागतं. त्याचा पहिला संशय अगदी योग्य होता.

शिकलेली माणसं फसत नाहीत, हा समजही याच प्रकरणात निकालात निघतो.

आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये एका व्हिडिओत सचिन तेंडुलकर गेमिंग ॲपची जाहिरात करताना दिसला. तो व्हिडिओ खोटा असल्याचं त्याला स्वतःला जाहीर करावं लागलं. कॉलवरचा असा बनावट चेहरा पकडण्यासाठी 'समोरच्याला चेहऱ्यासमोर हात फिरवायला सांगा' अशा युक्त्यांवर विसंबू नका. आजचा दोष उद्याच्या साधनात राहीलच असं नाही.

उलट टोकाचा गैरसमजही आहे: आता एआयपुढे आपलं काही चालणार नाही. तसं मुळीच नाही. व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याचा, म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'चा, धाक घालणारे भामटे बहुतेक वेळा नकली गणवेश आणि नकली पोलीस ठाण्याच्या देखाव्यावरच काम भागवतात, आणि डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यातच नाही. नक्कल कितीही हुबेहूब असली तरी ओटीपी तुमच्याच तोंडून काढावा लागतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे पाठवतो म्हणून कोणी पिन टाकायला सांगितला, की पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

म्हणून आवाज आणि चेहरा ओळखत बसू नका. फोन ठेवा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः लावा. मुलाचा फोन असेल तर मुलाला, बँकेचा असेल तर कार्डामागच्या नंबरवर. घरच्यांमध्ये एक परवलीचा शब्द आजच ठरवा, आणि तो व्हॉट्सॲपवर नव्हे, समोरासमोर सांगा.

आणि पैसे गेलेच, तर लाजेपोटी दोन दिवस गप्प राहू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली, तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.