स्लॅबमधून उतरणारी उष्णता

चेन्नईत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना उन्हाळ्यात भिंतींपेक्षा स्लॅबच जास्त छळतो. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री खोलीत उष्णता सोडतं आणि पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. ३१ मे २००३ रोजी नुंगमबाक्कमला पारा ४५ अंशांवर गेला होता. अशा शहरात ‘हीटप्रूफ’ म्हणून विकलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळणारच. पण माल उष्णता किती अडवतो, हे नेमकं मोजता येतं.

त्याची एक पद्धत आयएस ३३४६ या भारतीय मानकात दिली आहे. मधोमध विजेवर तापणारी सपाट तबकडी, तिच्या दोन्ही अंगांना एकाच मालाचे सारख्या जाडीचे दोन तुकडे आणि त्यांच्या बाहेरून दोन थंड तबकड्या. मधल्या तबकडीभोवती तेवढीच तापवलेली चौकट असते. त्यामुळे उष्णता कडेने निसटत नाही, तुकड्यांमधूनच जाते. तापमान स्थिरावलं की ते टिकवायला किती वीज लागते, ते मोजतात. जाडी आणि तापमानातला फरक तोच असेल, तर जितकी वीज कमी तितका माल चांगला. यातून निघणारी उष्णतावाहकता काँक्रीटची साधारण १.६, भाजक्या विटेची ०.८, तर थर्मोकोलची ०.०३५ असते.

आता हिशेब गच्चीवर नेऊ. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना १५ सेंटिमीटरच्या उघड्या स्लॅबच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ३.३ वॅट उष्णता जाते. ही त्याची यू-व्हॅल्यू. मद्रासच्या जुन्या गच्च्यांवर वीटतुकडे आणि चुन्याचा थर असे. तसा साडेसात सेंटिमीटरचा कोबा घातला, तर ती अडीचच्या आसपास येते. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या २०१८च्या इको निवास संहितेत छताची मर्यादा १.२ आहे. तिथवर पोहोचायला दोन सेंटिमीटर थर्मोकोल पुरतो.

पण प्रयोगशाळेतला तुकडा कोरडा असतो. चेन्नईची गच्ची ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस झेलते. थर्मोकोलमध्ये उष्णता अडवते ती कोंडलेली हवा. पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेतं, त्यामुळे भिजलेल्या थराचा कागदावरचा आकडा गच्चीवर खरा ठरत नाही.

म्हणून कंत्राटदाराला तीन गोष्टी विचारा: आकडा कोणत्या चाचणीतला, थराची जाडी किती आणि तो कोरडा कसा राहणार? तिन्हींची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.