रॅन्समवेअर शेवटी येतं: सायसा प्लस परीक्षेची तयारी कशी करावी

तंजावरात शास्त्र विद्यापीठ आहे, जवळच वल्लमला पेरियार मणियम्मै संस्था आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शहरात निओ टायडल पार्कही सुरू झालं. इथल्या मराठी घरांतली आणि महाराष्ट्रातून शिकायला आलेली मुलं आता सायबर सुरक्षेकडे वळताना दिसतात. पदवीच्या जोडीला प्रमाणपत्र हवं, हे त्यांना ठाऊक असतं. गाडी अडते ती तयारीच्या पद्धतीवर. व्याख्या पाठ होतात, पण समोर लॉग आला की काही सुचत नाही. हल्ला ओळखण्यावर भर असलेली कॉम्पटियाची सायसा प्लस ही परीक्षा धरून ही पद्धत पाहू.

परीक्षेत काय असतं

जून २०२३ मध्ये आलेल्या सीएस०-००३ या आवृत्तीत जास्तीत जास्त ८५ प्रश्न, वेळ १६५ मिनिटं आणि १०० ते ९०० च्या मापावर ७५० गुणांना उत्तीर्ण, अशी रचना आहे. सुरक्षेचं रोजचं कामकाज ३३ टक्के, त्रुटींचं व्यवस्थापन ३० टक्के, घटना हाताळणी २० टक्के आणि अहवाल व संवाद १७ टक्के. या आवृत्त्या साधारण तीन वर्षांनी बदलतात. म्हणून पुस्तक घेण्याआधी चालू आवृत्तीचा क्रमांक पाहून घ्या.

पर्यायी प्रश्नांसोबत काही प्रश्न प्रत्यक्ष कामाचे असतात. लॉग समोर ठेवतात आणि विचारतात, आधी कोणतं मशीन बाधित झालं? पाया कच्चा असेल तर आधी सिक्युरिटी प्लसचा अभ्यासक्रम उरका. बाजारात फिरणाऱ्या फुटलेल्या प्रश्नसंचांच्या नादी लागू नका. ते वापरल्याचं उघड झालं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं.

एक हल्ला मुळापासून वाचा

दहा हल्ल्यांची नावं पाठ करण्यापेक्षा एकाच हल्ल्याचा क्रम नीट लावा. आपल्याला जवळचं उदाहरण आहे न्हावा शेव्याचं. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम जगभर पसरला आणि तिथल्या जेएनपीटी बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं काम ठप्प झालं. हे टर्मिनल मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स चालवते.

सुरुवात मात्र युक्रेनमध्ये झाली होती. तिथल्या एमईडॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घातक फाइल आत आली. पुढे पसरायला तिच्याकडे दोन मार्ग होते. पहिला इटर्नलब्लू, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीचा फायदा घेणारं हत्यार. त्या त्रुटीवरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. दुसरा मार्ग जास्त घातक होता. मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचे आणि पीएसएक्झेक किंवा डब्ल्यूएमआय ही विंडोजची प्रशासकीय साधनं वापरून शेजारच्या मशीनवर जायचं. त्यामुळे पॅच लावलेली मशीनही सुटली नाहीत.

मग लॉग पुसले गेले, ठराविक वेळेने मशीन रीस्टार्ट होईल असं शेड्यूल्ड टास्क लागलं, आणि डिस्क तपासणीचा खोटा पडदा दिसत असताना मागे एन्क्रिप्शन चालू राहिलं. मागणी होती ३०० डॉलरच्या बिटकॉइनची. पण पडद्यावरचा ओळख क्रमांक निव्वळ यादृच्छिक असल्याने पैसे भरूनही चावी मिळणं शक्य नव्हतं. म्हणूनच तज्ज्ञ नॉटपेट्याला रॅन्समवेअरचं सोंग घेतलेला वायपर, म्हणजे डेटा नष्ट करणारा प्रोग्राम, म्हणतात. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज होता २५ ते ३० कोटी डॉलरचा.

आता वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे हल्ल्याची एकेक पायरी लिहा आणि उजवीकडे त्या पायरीची खूण कोणत्या लॉगमध्ये उमटली असती ते. खंडणीची चिठ्ठी या यादीत सगळ्यात खाली येते. ती दिसली तेव्हा ओळखण्याची वेळ टळून गेलेली असते.

ओळींचा अर्थ लावा

विंडोजच्या लॉगमधले काही क्रमांक तोंडपाठ हवेत: ४६२४ यशस्वी लॉगिन, ४६२५ फसलेलं लॉगिन, ४७२० नवं खातं, ४६८८ नवी प्रोसेस, ७०४५ नवी सर्व्हिस, ११०२ सुरक्षा लॉग पुसला.

समजा, रात्री २:१० पासून एकाच आयपी पत्त्यावरून ४६२५ च्या शेकडो नोंदी पडल्या. २:१५ ला त्याच पत्त्यावरून ४६२४ आली, लॉगिनचा प्रकार १०, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. २:१८ ला ४७२०, २:३१ ला ७०४५, २:४० ला ११०२. सुटी पाहिली तर प्रत्येक नोंदीला निरुपद्रवी कारण असू शकतं. कोणी पासवर्ड विसरला असेल, कोणी खातं उघडलं असेल. अर्ध्या तासात याच क्रमाने आल्या, तर मात्र कोणीतरी आत शिरलंय. यानंतर व्हीएसएस-अ‍ॅडमिनने शॅडो कॉपी (विंडोजने आपोआप घेतलेल्या प्रती) पुसल्याची नोंद दिसली, तर एन्क्रिप्शन दारात उभं आहे असं समजा.

याच पायऱ्यांना मायटर अटॅक या हल्ल्यांच्या तंत्रांच्या यादीतले क्रमांक जोडा. पासवर्ड चोरी टी१००३, पुनर्प्राप्ती रोखणं टी१४९०, डेटा एन्क्रिप्ट करणं टी१४८६.

घरच्या घरी सराव

१६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोजची मूल्यमापन आवृत्ती टाका, तिच्यावर सिसमॉन हे तपशीलवार नोंदी ठेवणारं साधन बसवा आणि सगळे लॉग वाझू या लॉग तपासणाऱ्या प्रणालीत गोळा करा. वाझू मोफत आणि मुक्त स्रोत आहे. अ‍ॅटॉमिक रेड टीम या संचातल्या, हल्ल्यांची नक्कल करणाऱ्या छोट्या चाचण्या एकेक करून चालवा आणि प्रत्येक वेळी कोणती नोंद उमटली ते शोधा. खरं रॅन्समवेअर उतरवून पाहण्याचा मोह टाळा. सरावाची मशीन घरच्या नेटवर्कपासून तोडलेलीच असावीत.

बॅकअपवरचे प्रश्न

३-२-१ हा नियम सगळ्यांना येतो: तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी. परीक्षेत त्यापुढचं विचारतात. हल्लेखोराच्या हाती प्रशासकाचा पासवर्ड लागला, तर ती तिसरी प्रत तरी वाचेल का? म्हणून एक प्रत नेटवर्कबाहेर किंवा बदलताच येणार नाही अशी ठेवतात. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला, ती या जातीची प्रत. बॅकअप परत आणून पाहण्याचा सराव केलेला नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.

पहिलं पाऊल कोणतं?

घटना हाताळणीच्या प्रश्नांत बहुतेक वेळा चारही पर्याय बरोबर वाटतात. विचारलेलं असतं ‘आधी काय’. बाधित मशीन बंद करू नका, नेटवर्कपासून तोडा. बंद केलं की मेमरीतला पुरावा गेला. त्यानंतर लागण किती पसरली ते तपासणं, मुळासकट काढणं, पूर्ववत करणं आणि शेवटी अहवाल.

जुलै २०२४ मध्ये बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा देशातलं देयक जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने हेच केलं. त्या कंपनीची यंत्रणा देयक जाळ्यापासून तोडली. तिच्यावर विसंबलेल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांची गैरसोय झाली, पण लागण आत शिरू दिली नाही.

मुलाखतीत विचारतील ते

परीक्षा आंतरराष्ट्रीय आहे, नोकरी मात्र इथे करायची आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. सगळ्या यंत्रणांची घड्याळं जुळती ठेवण्याचीही सक्ती आहे. घड्याळंच जुळत नसतील तर घटनांचा क्रम लागणार कसा?

तारीख कधी घ्यावी

परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर किंवा घरून ऑनलाइन देता येते. तारीख घेण्याआधी स्वतःला एक कसोटी लावा. कधी न पाहिलेला लॉग घ्या आणि सुरुवात कुठून झाली, पुढे काय घडलं, कुठे रोखता आलं असतं, हे संगणक न शिकलेल्या माणसाला सांगा. त्याला समजलं तर अहवाल व संवादाच्या १७ टक्क्यांचीही तयारी झाली, खुशाल पैसे भरा. परीक्षेत प्रत्यक्ष कामाचे प्रश्न सहसा सुरुवातीलाच येतात आणि वेळ खातात. अडलात तर खूण करून पुढे जा, पर्यायी प्रश्न संपवा आणि उरलेल्या वेळात त्यांच्याकडे परत या.