समुद्रावरील हाक

शिडाच्या नौकेतून सागरसफर करणे हे जितके आनंदाचे, तितकेच जबाबदारीचे काम आहे. वारा अनुकूल असतो तोवर नौका राजहंसाप्रमाणे लाटांवरून डौलाने जाते. परंतु वारा फिरला, समुद्र खवळला किंवा सुकाणू निकामी झाले, म्हणजे किनारा दृष्टीच्या टप्प्यात असूनही नाविकाची हाक तेथवर पोचत नाही. ही हाक पोचविण्याचे काम रेडिओ करतो. म्हणून नौकेसाठी रेडिओ निवडताना शिडाइतकीच काळजी घेणे आवश्यक असते.

१९७९ साली इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतण्याची नौकाशर्यत भरली होती. तीनशेंवर शिडाच्या नौका तीत उतरल्या होत्या. वाटेत भयंकर वादळ झाले आणि १५ स्पर्धकांना प्राणास मुकावे लागले. त्यानंतर या शर्यतीतील प्रत्येक नौकेवर व्ही.एच.एफ. रेडिओ असलाच पाहिजे, असा नियम करण्यात आला.

व्ही.एच.एफ. म्हणजे अतिउच्च कंप्रतेच्या लहरींवर चालणारा रेडिओ. समुद्रावरील संभाषणासाठी १५६ मेगाहर्ट्झच्या पुढील लहरींचा एक पट्टा जगभर राखून ठेवला आहे. त्याचे निरनिराळे भाग पाडले असून त्यांना 'चॅनेल' म्हणतात. त्यांपैकी १६ क्रमांकाचा चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा संकटकाळची हाक देण्यासाठी आणि प्रथम संपर्क साधण्यासाठी आहे. खिशातल्या फोनवरून एकाच माणसाशी बोलता येते. परंतु या चॅनेलवर दिलेली हाक टापूतील प्रत्येक जहाजाला, मच्छीमाराला आणि किनाऱ्यावरील केंद्राला एकाच वेळी ऐकू जाते. मदतीला सर्वांत प्रथम कोण पोचू शकेल, हे संकटात सापडलेल्या माणसाला ठाऊक नसते. म्हणून सर्वांना ऐकू जाणारी हाकच अधिक मोलाची ठरते.

या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वी वाटोळी असल्यामुळे क्षितिजापलीकडे त्या फारशा पोचत नाहीत. अँटेना जितकी उंच, तितके तिचे क्षितिज दूर. अँटेनेच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्यास ४ ने गुणले, म्हणजे तिचा पल्ला साधारणपणे किलोमीटरमध्ये मिळतो. डोलकाठीच्या टोकावर १६ मीटर उंचीवर अँटेना असेल, तर तिचा पल्ला १६ किलोमीटर होतो. समोरच्या नौकेची अँटेनाही तितकीच उंच असेल, तर दोहोंची बेरीज होऊन ३२ किलोमीटरपर्यंत बोलता येते. उलट, पाण्यापासून जेमतेम एक मीटर उंचीवर हातातले यंत्र धरून बोलणाऱ्या दोघांना ८ किलोमीटरच्या पलीकडे एकमेकांचा आवाज मिळणे कठीण.

या साध्या हिशेबावरून रेडिओ निवडण्याची दिशा कळते. नौकेत पक्का बसविण्याचे यंत्र २५ वॉट शक्तीचे असते. हातात धरण्याचे यंत्र सामान्यतः ५ किंवा ६ वॉटचे असते. मोठी शक्ती आणि उंच अँटेना या दोन्ही गोष्टी पक्क्या यंत्राला लाभत असल्यामुळे नौकेचा मुख्य रेडिओ तोच असावा. तथापि वादळात डोलकाठी मोडली, तर तिच्यावरची अँटेनाही जाते; नौकेत पाणी शिरले, तर बॅटरी निकामी होते. अशा वेळी हातातले यंत्रच उपयोगी पडते. ते स्वतःच्या बॅटरीवर चालणारे, पाणी न शिरणारे आणि पाण्यात पडल्यास तरंगणारे असावे.

अँटेनेच्या निवडीत पुष्कळांची फसगत होते. काही अँटेना लहरी सर्व बाजूंना पसरू न देता क्षितिजाच्या दिशेने एकवटतात, त्यामुळे आवाज दूर जातो. मोटारबोटीवर त्या ठीक. पण शिडाची नौका वाऱ्याने एका अंगावर कलते, आणि तिच्याबरोबर अँटेनाही कलते. मग एकवटलेल्या लहरी एका बाजूस पाण्यात आणि दुसऱ्या बाजूस आकाशात जातात. यासाठी शिडाच्या नौकेवर लहरी काहीशा विस्तृत पसरविणारी, ३ डेसिबेलची आखूड अँटेनाच योग्य ठरते. तिला जोडणारी केबलही जाड व उत्तम प्रतीची हवी. उंच डोलकाठीत बारीक केबल वापरली, तर निम्मी शक्ती वाटेतच खर्ची पडते आणि २५ वॉटचे यंत्र घेऊनही त्याचा पुरा लाभ मिळत नाही.

आजच्या पक्क्या यंत्रांत एक विशेष सोय असते. झाकणाखालचे तांबडे बटण दाबून धरले, की ७० क्रमांकाच्या चॅनेलवरून संकटाचा संदेश आपोआप जातो. त्यात नौकेचा नऊ आकडी क्रमांक आणि तिचे स्थान असते. घाबरलेल्या माणसाला अक्षांश-रेखांश सांगणे जमले नाही, तरी यंत्र ते सांगते. परंतु त्यासाठी नौकेचा क्रमांक रीतसर नोंदवून यंत्रात भरलेला असला पाहिजे, आणि उपग्रहावरून स्थान ओळखणारे साधन यंत्रात असले पाहिजे किंवा त्याला जोडलेले असले पाहिजे. ही जोडणी न केल्यास हाक जाते, पण हाक मारणारा कोठे आहे, हे कळत नाही.

प्रत्येक साधनाला मर्यादा असते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांची, गोव्यात बांधलेली 'थुरिया' ही नौका दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडली. डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. मुख्य भूमीचा किनारा तीन हजार किलोमीटरांहूनही दूर होता. उपग्रहाद्वारे पाठविलेल्या संदेशांमुळे त्यांची अवस्था कळली आणि 'ओसिरिस' या फ्रेंच नौकेने त्यांना वाचविले. इतक्या अंतरावर व्ही.एच.एफ.ची हाक किनाऱ्याला पोचणे शक्यच नव्हते. दूरच्या सफरीला निघणाऱ्याने उपग्रहाशी जोडणारी साधने बरोबर घ्यावीत. किनाऱ्यालगत फिरणाऱ्याला मात्र व्ही.एच.एफ.सारखा सोबती नाही.

हा रेडिओ जितका बोलण्यासाठी, तितकाच ऐकण्यासाठी असतो. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडत असताना 'कार्पेथिया' हे जहाज रेडिओवरील हाक ऐकून धावून आले आणि सातशेंहून अधिक लोकांचे प्राण वाचले. त्याहून जवळ 'कॅलिफोर्नियन' हे जहाज होते. पण त्यावरील रेडिओ चालविणारा एकटाच माणूस दिवसाचे काम संपवून झोपी गेला होता. हाक तेथवर जात होती, ऐकणारा मात्र कोणी नव्हता.

म्हणूनच समुद्रावर असताना सोळाव्या चॅनेलवर कान ठेवणे, त्यावर गप्पा न मारणे आणि खोटी हाक कधीही न देणे, हा नाविकांचा धर्म मानला जातो. उत्तम यंत्र पैशाने विकत घेता येते. दुसऱ्याची हाक ऐकण्याची तत्परता मात्र नाविकाने स्वतःच्या अंगी बाणवावी लागते.