माल दाखवला, पण पेठ बसली का? रग्बी लीगचा हिशेब

नव्या गावात व्यापार न्यायचा तर आधी माल दाखवावा लागतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. परंतु माल पाहायला गर्दी जमली म्हणजे पेठ बसली, असे नाही. रग्बी लीग या खेळाने गेली सव्वाशे वर्षे हाच अनुभव घेतला आहे.

चेंडू हातात घेऊन धावायचे आणि प्रतिस्पर्ध्याला धरून पाडायचे, असा हा दांडगा खेळ आहे. त्याचा जन्म मजुरीच्या प्रश्नातून झाला. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर व लँकेशायरचे गिरणी कामगार आणि खाणकामगार रग्बी खेळत. सामन्यासाठी खाडा केला की त्यांची मजुरी बुडे. ती क्लबांनी भरून द्यावी, ही मागणी रग्बीच्या मूळ संघटनेने फेटाळली. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडूंचा नियम झाला. खेळ वेगवान झाला, पण मुख्यतः गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांतच राहिला. गिऱ्हाईक पक्के, पेठ मात्र लहान.

पेठ वाढवण्यासाठी आंतरराष्ट्रीय सामने परमुलखात नेण्याची युक्ती तेव्हापासूनची आहे. त्यामागे व्यापारी विचार आहे. नवख्या माणसाला विगन किंवा हॅलिफॅक्स हे क्लब ठाऊक नसतात, पण इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया म्हटले की तो थबकतो. १९०८ साली न्यूझीलंडशी झालेल्या तीन कसोट्यांपैकी एक लंडनला आणि एक चेल्टनहॅमला ठेवली होती. चेल्टनहॅमने सामना पाहिला, पण खेळ उचलला नाही. पाहुणे संघ निघून गेल्यावर तिथे खेळ चालवणारे कोणी नव्हते.

फ्रान्समध्ये उलट घडले. ३१ डिसेंबर १९३३ रोजी पॅरिसमध्ये इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांचा प्रदर्शनी सामना झाला. त्याआधी, १९३१ मध्ये, जुन्या रग्बीच्या वार्षिक स्पर्धेतून फ्रान्सला बाहेर काढले होते, त्यामुळे तिथले खेळाडू नाराज होते. त्यांच्यापैकी जाँ गालिया यांनी लगेच संघ जमवून मार्च १९३४ मध्ये इंग्लंडचा दौरा केला. एप्रिलमध्ये फ्रान्सची संघटना उभी राहिली. प्रदर्शन पॅरिसला झाले, पण खरी पेठ बसली दक्षिणेकडे, जिथे रग्बीची आवड आधीपासून होती. १९४१ मध्ये व्हिशी सरकारने या खेळावर बंदी घालून त्याची मालमत्ता जप्त केली, तरी तो मेला नाही. दक्षिणेतील पर्पिन्याँचा संघ २००६ पासून इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये आहे.

अलीकडचा दाखला अमेरिकेतील डेन्व्हरचा. २३ जून २०१८ रोजी तिथे इंग्लंडने न्यूझीलंडला ३६-१८ असे हरवले. प्रेक्षक आले १९,३२०. अनोळखी खेळाला एवढी माणसे येणे लहान गोष्ट नव्हे. मात्र ऐन हंगामात खेळाडूंना इतक्या उंचीवर, इतक्या लांब पाठवण्यास ऑस्ट्रेलियातील क्लबांचा विरोध होता. उत्तर अमेरिकेत नेण्याचे ठरवलेला २०२५ चा विश्वचषकही २०१८ च्या अखेरीस तिथून काढून घ्यावा लागला.

आमच्या मते हिशेब सरळ आहे. घरच्या मैदानावरचा हमखास गल्ला सोडून सामना बाहेर न्यायचा, तर तीन गोष्टी आधी पाहाव्यात. खेळ चालवणारा स्थानिक माणूस आहे काय? सामना पाहून पेटलेल्या मुलाला दुसऱ्या आठवड्यात जाण्यासाठी क्लब आहे काय? आणि पुढच्या वर्षी पुन्हा येण्याइतके भांडवल बाजूला ठेवले आहे काय? हे नसेल तर ती जत्रेतली विक्री झाली. जत्रा उठली की विक्रीही उठते, आणि तोट्याचा भार घरच्या जुन्या, इमानी गिऱ्हाइकावर पडतो.