खंडणीची चिठ्ठी सर्वांत शेवटी येते

२१ मार्च २०२१, रविवार. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखानदारांचा ज्या महामंडळाशी रोजचा संबंध, त्या एमआयडीसीला पहाटे अडीचच्या सुमारास आपली ॲप्लिकेशन्स बंद पडल्याचे स्वयंचलित इशारे मिळाले. नेमकं काय झालंय हे दिवसभराच्या तपासणीनंतर उमगलं: ‘सिनॅक’ या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने, सर्व्हरवरचा डेटा कुलूपबंद केला होता.

रॅन्समवेअर म्हणजे स्क्रीनभर धमकी, असं बहुतेकांना वाटतं. मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’च्या लाल खिडकीने ते चित्र डोक्यात पक्कं बसवलंय. पण धमकी येते ती काम उरकल्यावर. त्याआधी अँटिव्हायरस आपोआप बंद होतो, अनोळखी ॲडमिन खातं तयार होतं, ऑफिसला कुलूप असताना रात्री कुणीतरी रिमोटवरून लॉगिन केल्याची नोंद सापडते. यातलं एक जरी दिसलं, तरी त्याच दिवशी जाणत्या माणसाला बोलवा. डेटा वाचवायची खरी संधी तेव्हाच असते.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं ‘स्टॉप’ हे रॅन्समवेअर तर फाइली लॉक होत असताना विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवतं. अपडेट चाललंय म्हणून माणूस चहाला जातो. परत येऊन पाहतो तर बिलांच्या, फोटोंच्या नावापुढे भलतीच चार अक्षरं चिकटलेली, आयकॉन पांढरे आणि फोल्डरमध्ये ‘रीडमी’ची फाइल: जवळजवळ हजार डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क साधला तर निम्मे. ती अक्षरं पुसून फाइल उघडत नाही. आतला मजकूरच बदललेला असतो.

याउलट, ब्राउझरमध्ये भोंगा वाजवत ‘कॉम्प्युटर लॉक झाला, या नंबरवर फोन करा’ म्हणणारं पान हे बहुतेक वेळा रॅन्समवेअर नसतंच. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, फाइली उघडून बघा. त्या नीट उघडल्या तर कुलूप लागलेलं नाही. त्या नंबरवर फोन मात्र करू नका.

‘अँटिव्हायरस आहे, आम्हाला काय होणार?’ हे तर नेहमीचंच. एमआयडीसीकडेही परवानाधारक अँटिव्हायरस होता. त्यांना आधार मिळाला तो बॅकअपचा, कारण तो नेटवर्कच्या वेगळ्या भागात होता आणि त्याला लागण झाली नव्हती. मशीनला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क बॅकअप म्हणून धरू नका. फाइलींबरोबर तीही लॉक होते.

आणि लक्षणं दिसताच फॉरमॅट मारायची घाई नको. आधी लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची डिस्क जोडू नका. चिठ्ठीचा फोटो घ्या, लॉक झालेल्या एक-दोन फाइली जपून ठेवा. काही जातींच्या रॅन्समवेअरची किल्ली ‘नो मोअर रॅन्सम’च्या संकेतस्थळावर मोफत मिळते, पण जात ओळखायला या गोष्टी उपयोगी पडतात. तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक आहे.