शिवनेरीची शिवाई

बेल्हे गावाहून आळेफाटा, नारायणगाव मार्गे जुन्नरला आले की शिवनेरीचा कडा समोर उभा राहतो. सात दरवाज्यांच्या वाटेने चढताना पाचवा, शिपाई दरवाजा ओलांडून मुख्य वाट सोडावी आणि उजवीकडे वळावे; तिथे शिवाई देवीचे मंदिर आहे. जिजाबाईंनी या देवीला नवस केला आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी गडावर जन्मलेल्या पुत्राचे नाव तिच्यावरूनच शिवाजी ठेवले, अशी परंपरा आहे. मंदिरामागच्या कड्यात खोदलेल्या गुहा आहेत. जुन्नर परिसरातली बौद्ध लेणी सातवाहनकाळापासूनची, म्हणजे शिवकाळाहून दीड हजार वर्षांहून जुनी. घाईने थेट जन्मस्थानाकडे जाणाऱ्यांचे हे देऊळ पाहायचे राहून जाते. ते चुकवू नये.